पाळतीवरचा मास्तर

यॉर्कटन, २ सप्टेंबर १९८३

लॉर्न,

तुझं पत्र मिळालं. बारा वर्षांनी पत्र, तेही टाइप केलेलं, वर ‘लॉर्न मॅकेक्नी, मॅनेजर, सडबरी हॉकी क्लब’ असं छापलेलं, आणि खाली सही तुझ्या सेक्रेटरीची. ‘प्रिय श्री. हावरिल्यूक’ म्हणे. ज्या माणसानं तुझ्या घरी वरच्या खोलीत पाऊण वर्ष काढलं, तुझ्या थोरलीला मांडीवर घेऊन भरवलं, त्याला तू ‘श्री.’ लावतोस. आडनावाचं स्पेलिंगही चुकवलंस.

दोन एकोणीस वर्षांची पोरं तुझ्या हाती लागलीत, देशात त्यांच्या तोडीचं कुणी नाही, त्यांना वळण लावायला जुना, जबाबदार खेळाडू हवाय, असं लिहितोस. मी चार ठिकाणी फोन केले. माझ्याआधी तू चौघांना विचारलंस. एकाची पाठ गेलीय, एकानं बार उघडलाय, एकाला बायको सोडत नाही आणि ऑस्कर ग्रेनियेनं तुझं नाव ऐकताच फोन आपटला. म्हणजे मी पाचवा. निदान ते तरी पत्रात लिहायचंस.

मी येतोय. तुझ्यासाठी नाही. गेले दोन हिवाळे मी इथं धान्याचा ट्रक चालवतोय आणि शनिवारी गावातल्या पोरांना स्केटिंग शिकवतोय. मला अजून एक मोसम आइस हॉकी खेळायचीय आणि दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही. हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू लिहिलंस.

अटी ऐक. माझी बायको स्टेफा माझ्याबरोबर येईल. पोरं आमच्याच घरी राहतील, जेवतील. तुझ्याशी मी बोलणार नाही. दर महिन्याला पोरांबद्दल चार ओळी पाहिजेत असं करारात आहे, त्या लिहून ऑफिसात टाकेन. बैठकीला बोलावू नकोस, हात पुढे करू नकोस, जुन्या आठवणी काढू नकोस.

गुडघा उत्तम आहे. तू विचारलं नाहीस, पण सांगतो.

ओरेस्ट हावरिल्यूक

(ह, आ, व. ‘हो’ नव्हे.)

●

सडबरी, ९ ऑक्टोबर १९८३

मॅकेक्नी,

चार ओळी मागितल्या होत्यास. घे.

सिगर्डसन: खातो. स्टेफा सहा जणांचं रांधते आणि तो पाच जणांचं खातो. जेवताना गातो. झोप दहा तास. बर्फावर त्याला काही शिकवायची गरज नाही, बर्फाबाहेर शिकवून उपयोग नाही. पाच वर्षं टिकेल, मग मोटारी विकेल. सुखी राहील.

डेल कोस्की: हा खरा. हे मी तुझ्यासाठी लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो. पकची चकती त्याच्या स्टिकला जाऊन चिकटते, बाकीचे धावत असतात आणि हा थांबून बघत असतो. वीस वर्षांत असा दुसरा मी पाहिला नाही. पण मान खाली घालून रिंकच्या कोपऱ्यात शिरतो. पाठीमागून कोण येतंय बघतच नाही. काल त्याला रिंकच्या कडेच्या फळ्यांपाशी उभा केला आणि मागून ढकलला. पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा ढकलला. सहाव्या वेळी त्यानं वळून बघितलं.

“काय बघतोस?” मी विचारलं.

“तुम्ही येताय ते.”

“मी नसेन तेव्हा?”

“तेव्हाही बघेन.”

“का?”

“कारण तुमच्यासारखी धटिंगण म्हातारे सगळीकडेच असतात.”

सगळ्या टीमनं टाळ्या पिटल्या. मला आता आजोबा म्हणतात. तेहतिसाव्या वर्षी.

बाप कागदाच्या गिरणीत, आई शाळेत सैपाक करते. दर रविवारी घरी फोन करतो आणि फिनिश भाषेत ‘हो, हो, हो’ एवढंच म्हणतो.

तुला ‘मनःस्थिती’ही कळवायची होती. माझी वाईट आहे. परवा मॅचमध्ये तू मला फक्त दोनदा बर्फावर उतरवलंस. मी काय नुसता आया म्हणून आलोय?

ओ. हावरिल्यूक

●

सडबरी, ६ नोव्हेंबर १९८३

मॅकेक्नी,

तू लॉकरच्या खोलीत येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवलास. पुन्हा असं केलंस तर तो हात तुला तिथेच ठेवून जावं लागेल. फोटोवाला होता म्हणून गप्प बसलो.

पोरं बरी आहेत. गेल्या महिन्यात मॅचमध्ये डेलला कुणीतरी फळ्यांवर आपटला होता, त्याची मान दोन दिवस आखडली. तुझ्या डॉक्टरनं शेक घ्यायला सांगितलं. चार मॅचमध्ये सात गोल केलेत, म्हणजे काय आखडलं असेल ते सुटलं.

पण पोरगा भारी तंद्रीतला. मंगळवारी स्टेफा करंजीसारख्या पिरोगी परतत होती, हा बाजूला उभा राहून सिगर्डसनशी बोलत होता, आणि डावा हात चक्क तापलेल्या तव्याच्या कडेला टेकवून! करंगळी आणि शेजारचं बोट. कातडी चरचरल्याचा वास आला तेव्हा स्टेफा किंचाळली. तो आधी तिच्याकडे बघतो, मग बोटांकडे बघतो, आणि म्हणतो, “माफ करा, मी विचार करत होतो.” कसला विचार करतो देव जाणे. पुढच्या मॅचमध्ये मात्र दोन गोल.

मला अजून ढकलून बाकावर बसवतोस. तिसऱ्या फळीतल्या त्या ढोल्यापेक्षा मी वाईट खेळतो असं तुझ्या कोचला वाटतं, का तुला?

ओ. हा.

●

सडबरी, १५ डिसेंबर १९८३

लॉर्न,

तुझं पत्र. पहिल्यांदाच तुझ्या अक्षरात, आणि त्यात एकच प्रश्न: ‘कोस्कीची ती दोन बोटं. आणखी काय दिसतं? जे डॉक्टरला सांगत नाहीत ते पोरं नाश्त्याला सांगतात.’

काही दिसत नाही. पोरगा धडधाकट आहे. चहा पितो, बूट बांधतो, गोल करतो. पाहिजे तर स्वतः येऊन नाश्ता कर. त्याच्यात काही बिघाड नाही, आणि असला तरी तो तुझ्या कपाटातला चषक नाही की रोज काढून बघावा. पुन्हा विचारू नकोस.

पण तुझं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी ते आधी ऐकलंय. एकाहत्तर साली, फेब्रुवारीत. तुझ्या दारातलं बर्फ आपण दोघं फावड्यानं काढत होतो. मी लंगडतोय हे तू पाहिलंस आणि म्हणालास, “डॉक्टरला सांगू नकोस, मला सांग. डॉक्टरला जे सांगत नाहीत ते पोरं मला नाश्त्याला सांगतात.” मी वीस वर्षांचा होतो. तू एकतीस. टीमचा कप्तान, घरचा मोठा भाऊ. मी तुला सगळं सांगितलं: गुडघा सटकतो, जिना उतरताना हातानं धरावा लागतो.

तीन आठवड्यांनी क्लबनं मला पश्चिमेकडच्या एका क्लबला विकलं. कागदावर ‘पूर्ण तंदुरुस्त’. तिथल्या तिसऱ्या मॅचमध्ये गुडघा निखळला. दीड वर्ष गेलं. त्यानंतरची नऊ वर्षं मी कुठल्या कुठल्या गावांत खेळलो ते तुला माहीत नाही, तू कधी विचारलं नाहीस.

त्या वेळी सगळे म्हणाले, मालीश करणाऱ्या पीटनंच क्लबकडे चुगली केली. मीही तेच धरून चाललो. भर लॉकरच्या खोलीत मी पीटच्या अंगावर थुंकलो होतो. तो रडला. गेल्याच्या गेल्या वर्षी वारला.

आता मी तुला एकच प्रश्न विचारतो. पीट होता, का तू होतास?

ओरेस्ट

●

सडबरी, ३ जानेवारी १९८४

लॉर्न,

उत्तर दिलंस, हे एक तुझ्या बाजूनं लिहून ठेवतो. खोटं लिहिलं असतंस तर मी कदाचित मानलंही असतं.

‘मी होतो. मला दोन पोरं होती, नववीपलीकडे शाळा नव्हती, आणि खेळ संपल्यावर क्लबनं नोकरी देऊ म्हटलं होतं. तू तरुण होतास, सावरशील असं वाटलं.’

नाही सावरलो. पण ते राहू दे. त्याच पत्राच्या तळाशी पेननं लिहिलेल्या तुझ्या दोन ओळी मी दहा वेळा वाचल्या: ‘कोस्कीचा सौदा जानेवारीतच होईल. तोवर त्याला कुठल्याही डॉक्टरकडे जाऊ देऊ नकोस, गेला तर ते कागदावर येईल.’

तुला कसं कळलं की कागदावर यावं असं काहीतरी आहे? मी तर लिहिलं होतं, पोरगा धडधाकट आहे. मी टेबलाशी बसून तुला शिव्या घालत होतो. स्टेफा मागे उभी होती. तिनं मला माझंच नोव्हेंबरचं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं, कारण पाठवण्याआधी मी ते तिला हसतहसत वाचून दाखवलं होतं. तवा. बोटं. चरचरलेली कातडी.

“हे कुणी कळवलं त्याला?” ती म्हणाली.

“मी त्या माणसाला शिव्या घालत होतो.”

“शिव्या घालून लिहिलंस म्हणून ती चुगली होत नाही का?”

लॉर्न, तू मला मास्तर म्हणून आणलंस असं मी समजत होतो. तू मला पाळतीवर ठेवलं होतंस, आणि मी तुझ्यावर चिडलेलो असल्यामुळे प्रत्येक पत्र लांबलचक लिहीत होतो. चिडलेला माणूस जास्त बोलतो, हे तुला ठाऊक होतं. म्हणून तर मी पाचवा असूनही निवडलास.

आणखी एक कबूल करतो. डिसेंबरात तुझं पत्र आल्यावर मी डेलला विचारलं होतं. त्यानं सगळं सांगितलं. ऑक्टोबरातल्या त्या आपटीपासून दोन बोटांत जीव नाही, मान वळवली की दंडातून वीज जाते. म्हणाला, “कुणाला सांगू नका, ओरेस्ट. जूनमध्ये करार संपतोय. बाहेर कळलं तर माझी जागा जाईल.” मी शब्द दिला. मला वाटलं, मी तुझ्यापेक्षा चांगला माणूस आहे. प्रत्यक्षात त्याला डॉक्टरकडे न नेता मी तीन आठवडे कोपऱ्यात खेळू दिलं. तुझी शेवटची ओळ येण्याआधीच मी ती पाळत होतो.

आज सकाळी मी त्याला सगळं सांगितलं. माझी पत्रं, तुझा सौदा, माझा गुडघा. त्यानं ऐकून घेतलं. कानापर्यंत लाल झाला.

“म्हणजे मी इथे जेवत होतो आणि तुम्ही लिहीत होता.”

“हो.”

“उद्या टोरंटोला जाऊ, मानेचा फोटो काढू,” मीच पुढे म्हटलं.

“तुझं काम तू केलंस ना?” तो म्हणाला. चार महिने तो मला ‘तुम्ही’ म्हणत होता. “आता माझं काम मला करू दे.”

बॅग भरून तो हायवेवरच्या मोटेलात गेला. स्टेफा दारापर्यंत गेली, तिच्याशी मात्र नीट बोलला. सिगर्डसन आज गायला नाही.

शनिवारच्या मॅचला घेणाऱ्या क्लबची माणसं येणार आहेत असं ऐकतो. मानेचा फोटो निघाल्याशिवाय त्याला बर्फावर उतरवू नकोस. मी तुला हात जोडत नाही, धमकी देतोय.

ओरेस्ट

●

सडबरी, ८ जानेवारी १९८४

मॅकेक्नी,

काल आमचा, युक्रेनियन लोकांचा, नाताळ होता. बारा पदार्थ आदल्या दिवशीच करून ठेवले होते, तसेच राहिले. सणाच्या दिवशी मी काय केलं ते तू पाहिलंस, पण बाहेर सगळ्यांना वेगळंच सांगतोयस, म्हणून लिहून ठेवतो.

मॅचच्या तासभर आधी, खोल्यांबाहेरच्या बोळात तू पाहुण्या मॅनेजरला कॉफी पाजत होतास. वर्तमानपत्राचा क्रीडा-बातमीदार भिंतीला टेकून उभा होता. मी मुद्दाम तिथे आलो. मोठ्यानं बोललो, कारण हळू बोलणाऱ्यांनी या क्लबात फार नुकसान केलंय.

“साहेब, कोस्कीच्या डाव्या हाताची दोन बोटं ऑक्टोबरपासून बधिर आहेत. मानेचा फोटो बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि हे मॅकेक्नीला नोव्हेंबरपासून माहीत आहे, कारण मीच कळवलंय.”

तू म्हणालास, “म्हातारा बाकावर बसून बसून कडू झालाय, लक्ष देऊ नका.” पाहुणा हसलासुद्धा.

डेल माझ्या मागेच होता. स्केट्स चढवून, एक मोजा अर्धवट गुंडाळलेला. मी त्याला दिलेला शब्द त्याच्या देखत मोडला होता, साऱ्या गावासमोर. तो सरळ पुढे आला. त्यानं मला मारलं. तो डावखुरा आहे, डाव्या हातानं मारलं.

लॉर्न, मी वीस वर्षं मारामाऱ्या केल्यात. मार लागणार म्हणून मी दात आवळले होते. आणि माझ्या गालावर काहीतरी मऊ येऊन पडलं. मूठ मिटलीच नव्हती. दोन बोटं बाहेर लोंबत होती. त्यानं हाताकडे बघितलं, उजव्या हातानं ती बोटं दुमडली, पुन्हा मारायला गेला आणि ती पुन्हा उघडली. पाहुण्यानं कॉफी खाली ठेवली. बातमीदारानं वही काढली.

डेल तिथेच भिंतीशी बसला. “मिटत नाही,” एवढंच म्हणत होता, “मिटत नाही.” सिगर्डसन धावत आला, त्यानं त्याचे स्केट्स सोडवले. तू फोन करायला गेलास. डॉक्टरला नव्हे, वकिलाला.

मला काढून टाकल्याचं पत्र पोचलं. ‘शिस्तभंग’. सही पुन्हा सेक्रेटरीची.

ओ. हावरिल्यूक

●

यॉर्कटन, १९ मार्च १९८४

मॅकेक्नी,

तुला टोरंटोचं कळलंच असेल, तरी माझ्या हातून वाच. मानेतला एक मणका तडकलेला होता आणि शीर त्यात चेपत होती. ऑपरेशनला सहा तास लागले. डॉक्टर त्याच्या आईला म्हणाले, आणखी एकदा फळ्यांवर आपटला असता तर पोरगा चाकाच्या खुर्चीतून उठला नसता. आता चालेल, धावेल, जेवेल. खेळणार नाही. वीस वर्षांत मी पाहिलेला सगळ्यात मोठा खेळाडू, तो बावीस मॅच खेळला.

डिसेंबरात मी त्याला घेऊन गेलो असतो तर? टोरंटोला जाऊन मी त्या डॉक्टरला हा प्रश्न विचारला. तो चष्मा पुसत राहिला आणि म्हणाला, “आधी आला असता तर बरं झालं असतं.” बस एवढंच. मी ते घेऊन जगतोय. तू काय घेऊन जगतोस ते मला ठाऊक नाही.

मला डेलला भेटायचं होतं. त्याची आई बाहेर आली. म्हणाली, तो नको म्हणतोय. माझ्या हातात एक गोड पाव ठेवला, घरचा. “प्रवासाला,” म्हणाली. मी तो गाडीत खाल्ला आणि रडलो. हे तुला सांगायचं कारण नव्हतं.

परवा ग्रेनियेचा फोन आला. सिगर्डसनसाठी तू आता त्याला पुन्हा विचारतोयस म्हणे, जास्त दिवसांचा करार देऊन. जुना, जबाबदार खेळाडू. त्यानं मला विचारलं, काम कसलं आहे?

मी म्हटलं, “काम चांगलं आहे. पोरगा प्रेमळ आहे, खातो आणि गातो. त्याला मान वर ठेवून कोपऱ्यात शिरायला शिकव. फक्त पत्रं लिहू नकोस. चांगली नाहीत, वाईट नाहीत, शिव्यांची तर अजिबात नाहीत.”

तो येतोय. पत्रांची अट काढ म्हणालाय. काढावी लागेल तुला, बाकी कुणी तयार नाही. मी विचारलंय सगळ्यांना.

ओरेस्ट

●

यॉर्कटन, ११ मे १९८४

लॉर्न,

तुझ्या वकिलाचं पत्र आलं आणि पाठोपाठ तुझं. दोन्हींचा अर्थ एकच. डेलनं क्लबवर केलेल्या दाव्याच्या सुनावणीत, क्लबला काही माहीत नव्हतं असं तुम्ही म्हणणार. तुझं ३ जानेवारीआधीचं पत्र, पेनच्या दोन ओळींचं, माझ्यापाशी आहे हे तुला ठाऊक आहे. ते मी बाहेर काढलं नाही, तर माझी पत्रंही तुझ्या कपाटातून बाहेर येणार नाहीत. ‘दोघांच्याही अब्रूचा प्रश्न आहे,’ असं लिहिलंस. ‘त्या पोराला तुझं नोव्हेंबरचं पत्र ऐकवायचं आहे का, हसतहसत लिहिलेलं?’

यावेळी मात्र तू बरोबर जागी बोट ठेवलंस. तीन दिवस मी ट्रकवर गेलो नाही. तव्याचा तो प्रसंग मी कसा लिहिलाय ते मला आठवतं. गंमत म्हणून लिहिलाय. अनोळखी माणसांनी भरलेल्या खोलीत, त्याच्या आईबापांसमोर तो वाचला जाणार. मी स्टेफाला म्हटलं, मला जमणार नाही.

ती म्हणाली, “मग जाऊन त्याला तसं सांग.”

म्हणून गेलो. रेल्वेनं, दीड दिवस. त्याच्या वकिलाच्या ऑफिसात भेट झाली. गळ्याला पट्टा, अंगानं उतरलेला, केस वाढलेले. उठला नाही, हात पुढे केला नाही. मी त्याला सगळं सांगितलं: माझी पत्रं पुढे आली नाहीत तर लॉर्नचं पत्र एकटं पडेल, ते म्हणतील त्यानं अंदाजानं लिहिलं. माझी आली तर क्लबला नोव्हेंबरपासून माहीत होतं हे सिद्ध होईल, आणि डेल, तुझ्याबद्दल मी काय काय लिहिलं तेही उघड होईल.

“वाईट आहे?” त्यानं विचारलं.

“काही ठिकाणी. एका ठिकाणी मी तुला तंद्रीतला म्हटलंय. हसलोय.”

तो खिडकीकडे वळला. मान वळत नाही त्याची, सगळं अंग वळवावं लागतं.

“आणि चांगलं काही?”

“वीस वर्षांत तुझ्यासारखा दुसरा पाहिला नाही, असं.”

“ते मॅकेक्नीला कशाला लिहिलंत?” तो चिडून म्हणाला. “मला सांगायचंत की.”

मी टोपी उचलली. दारापाशी गेलो तेव्हा तो मागून म्हणाला, “सगळी वाचा. गाळू नका. माझं गाळू नका आणि तुमचंही.”

‘तुम्ही’ म्हणाला. क्षमा केली असं मी धरत नाही. तू धरलं असतंस.

तेव्हा लॉर्न, कपाट उघड. ऑक्टोबरचं पत्र काढ, नोव्हेंबरचं काढ, ज्यात मी तुझा हात तोडायची भाषाही केलीय. फाडलं असशील तर मी तोंडानं म्हणून दाखवेन, बायकोला पाठ आहे. सुनावणी मंगळवारी सकाळी दहाला आहे. पहिला साक्षीदार मी. ‘कोस्कीच्या दुखण्याची माहिती क्लबला कुणी दिली?’ असं विचारतील तेव्हा पहिलं नाव मी माझं घेणार आहे.

दुसरं तुझं.

ओरेस्ट हावरिल्यूक